लाल मण्याच्या आत

आरोने सासूच्या माळेतला लाल मणी फोडला होता, तोही मुद्दाम.

गाया राज्याच्या बंदरात सोन्याला फारसं कुणी विचारत नाही. माणूस गेलं की गळ्यात मणी हवेत. महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या सासूबरोबर, सोबीबरोबर, तिच्या आईची सात लाल मण्यांची माळ जायची होती. निळे मणी आरो स्वतः करी. काचेचा चुरा मातीच्या साच्यातल्या खळग्यांत भरायचा, मधोमध काडी उभी करायची, साचा भट्टीत सरकवायचा. लाल मात्र दक्षिणेच्या गलबतांतूनच येत. ते करतात तरी कसे, या प्रश्नाने तिला वेड लावलं होतं. माळ धुवायला हातात आली आणि आरोबाईंना राहवलं नाही.

आता मणी भरून काढणं भाग होतं. फोडलेले तुकडे कुटून तिने निम्मा चुरा वितळवला. निघाला हिरवागार.

"लाली गलबतवाल्यांच्या देवाची. तुझ्या भट्टीत कशाला थांबेल?" नवरा मुचू म्हणाला. त्याला वाटलं, चुरा बाजारातला आहे.

आरो मणी फिरवत बसली. असा हिरवा रंग तिने तांब्याच्या भांड्यांवर पाहिला होता. म्हणजे लालीत तांबं असणार, आणि त्याला वारा सोसत नसणार! उरलेला चुरा साच्यात भरून तिने सगळा साचा कोळशाच्या भुकटीत गाडला, वर झाकण लिंपलं. या वेळी मणी लाल निघाला. आरो एकटीच नाचली.

तिने तो ओवून माळ सोबीच्या हातात दिली. म्हातारीची बोटं एकेक मणी चाचपत गेली आणि थांबली.

"हा लहान आहे. आणि कडेला शिवण लागतेय. साच्यातला आहे हा."

आरोचा चेहरा पडला. "आई, मी फोडला तुमचा मणी. चुकलं माझं."

"पडला?"

"नाही. दगडाने फोडला. आत बघायचं होतं."

सोबीने आरोचं मनगट घट्ट धरलं.

"दिवटे! साठ वर्षं गळ्यात घातले मी हे. फोडायचा धीर झाला नाही. आता न कळताच जाणार होते. सांग लवकर, काय होतं आत?"

"काळ्या रेघा, आई. भोकाच्या बाजूने सरळ गेलेल्या. ते लोक काच साच्यात घालतच नाहीत. पाकाची तार ओढावी तशी पोकळ नळी ओढतात आणि तुकडे पाडतात."

"ओढतात!" सोबी खुदकन हसली. "अगं, अजून एक फोड. या वेळी माझ्यासमोर."