उलटी फेरी

हिंगणओढ्याच्या भैरवनाथाच्या जत्रेत कुणी मागं वळत नसे. देवळाभोवतीच्या रुंद वाटेवर दोन्ही अंगांना बांगड्यांची, गोडीशेवेची, खेळण्यांची पालं लागत आणि सगळी गर्दी देवाला उजवं घालत एकाच दिशेनं सरकत राही. बांगडीवाल्याशी घासाघीस अर्धी राहिली तर बाई म्हणे, "येते फिरून," आणि खरंच अख्खं देऊळ फिरून येई. दोन पावलं मागं जाणं म्हणजे देवाला डावं घालणं. ते कोण करणार?

अंबिकाबाई करत. त्या शाळेच्या शामकांत मास्तरांच्या पत्नी. एका जत्रेत काष्टीकडच्या एका बाईचं पोर हरवलं. ती रडत देवळाभोवती फिरत होती. पोर एका भल्या माणसाच्या खांद्यावर होतं आणि तोही "कुणाचं पोर, कुणाचं पोर" करत फिरतच होता. दोघं उजवीकडून, दोघं सारख्याच चालीनं. दिवस मावळला, पालं मोडायला लागली, तेव्हा कुठं त्यांची गाठ पडली. भाकरी थापता थापता अंबिकाबाई घरात म्हणाल्या, "घाण्याला दोन बैल जुंपले तर मागच्याला पुढचा जन्मात भेटायचा नाही. आणि पाठी बघून पोर सापडतं का कधी? तोंडं बघायला हवीत."

पुढच्या वर्षापासून त्या डोक्याला पिवळा फडका बांधून उलट्या दिशेनं चालू लागल्या. गावातल्या तिघीचौघींना जोडीला घेतलं. सकाळी वेशीत उभं राहून येणाऱ्या प्रत्येक आईला बजावायच्या, "पोर चुकलं तर घाबरू नका. पिवळ्या फडक्याची बाई समोरून येईल, तिला धरा." गुरव कुरकुरला, लोक हसले, पण पोरं सापडू लागली, तसं हसणं कमी झालं.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या माघात अंबिकाबाई नवज्वरानं गेल्या. मुलगी इंदू नगरला मुलींच्या शाळेत शिकवत होती. ती तेराव्यापर्यंत राहिली, परत गेली, आणि चैत्रात जत्रेच्या तोंडावर पुन्हा आली. ती आल्याचं कळताच रंगनाथ पाटील घरी आले. जत्रेच्या पंचांत त्यांचा शब्द शेवटचा.

"ताई, यंदा ती उलटी फेरी नको. पंचांचं ठरलंय."

"का, काका?"

पाटलांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर अडकित्त्याशी चाळा करत होते. "गोरक्षनाथ गुरव म्हनतोय, देवाला डावं घातलं म्हनून मास्तरीनबाई गेल्या."

इंदूनं हातातलं सूप खाली ठेवलं. "आईला नवज्वर झाला होता."

"व्हय, पन लोकं म्हनत्यात. आन् तुमचं अजून वरीस फिरलं न्हाई. जत्रेत पाय टाकायचा नसतो, हे तुमी आमाला सांगायचं, का आमी तुमाला?"

"मग हरवलेल्या पोरांचं काय ठरलंय?"

"त्यात काय ठरवायचं? चुकत्यात, घावत्यात."

"नाही घावली तर?"

"देवाच्या दारातच हायेत की." पाटलांनी पागोटं सारखं केलं आणि ते उठले.

ते गेल्यावर मास्तर म्हणाले, "उलट्या फेऱ्या मीही घातल्या. तिच्या चितेभोवती, खांद्यावर मडकं घेऊन. तेव्हा कुणी अडवलं नाही." आणि पुन्हा अडकित्ता उघडमिट करू लागले. इंदू त्यांच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं होतं, वडील तिला जाऊ नको म्हणतील.

दुपारी ती आक्काबाईकडं गेली. आक्काबाई म्हणजे आईची सगळ्यांत जुनी जोडीदारीण.

"आक्का, उद्या येणार ना?"

"न्हाई बया. सून दोन जीवांची हाय. तू जाशील नगरला निघून, द्येव बसंल माज्या उरावर."

"बरोबर आहे तुमचं."

"बरोबर हाय म्हनून गप बसतीस व्हय? तुजी आई आसती तर शिव्या दिल्या आसत्या मला."

"आई? शिव्या?"

"तिच्या तसल्या. 'आक्काबाई, तुम्ही फार भित्र्या आहात.' त्यापरीस जोड्यानं हानलेलं बरं!"

इंदूला हसू आलं. ती घरी परतली. कापडावर सरकारी कंट्रोल, नवा फडका कुठला मिळणार? तिनं आईच्या पिवळ्या लुगड्याचा काठाकडचा पट्टा फाडला.

जत्रेच्या दिवशी सकाळपासून ती वेशीत उभी राहून आईसारखंच येणाऱ्या बायकांना पिवळ्या फडक्याचं बजावत होती. ऊन तापलं, वाट भरली, तशी तिनं फडका बांधला आणि देऊळ डाव्या हाताला ठेवून निघाली. एकटीच.

"अगं ए, डोळं फुटलं का?"

"मास्तराची पोरगी गं ती. आई मेल्यापास्नं सुटलीय."

"शिकून शिकून उलटी झाली."

गर्दीच्या विरुद्ध जाणाऱ्या माणसांविषयी इंदूनं पुष्कळ वाचलं होतं. पुस्तकातल्या त्या माणसांच्या बरगड्यांत कुणाचं कोपर बसत नसे. समोरून मात्र तोंडं येत होती, एकामागून एक, घामेजलेली, हसरी, वैतागलेली. काही वेळानं तिच्या ध्यानात आलं की, त्या तोंडांत आपण एक असं तोंड शोधतोय जे येणार नाही. तिनं नजर खाली घेतली, पोरांच्या उंचीवर.

देवळाच्या मागच्या बाजूला एक बाई अंगावरच आली. पदर घसरलेला, आवाज बसलेला. "माजी बनी! लाल परकर हाय, तीन वर्साची हाय! पिवळ्या फडक्याची तूच ना?"

"मीच. तुम्ही कोण?"

"मनकर्णा. भीमेपल्याडची."

"मनकर्णाबाई, तुम्ही अशाच उजवीकडून चालत राहा. थांबू नका, वळू नका. मी उलटी जाते. बनी तुम्हाला माझ्या कडेवर दिसेल."

हे आपण इतक्या ठामपणे बोललो कसं, हे तिचं तिलाच कळलं नाही. पुढं कुस्तीच्या फडाकडून एक गडी येत होता. त्याच्या खांद्यावर लाल परकर. "कुनाची पोरगी? कुनाची हाय ही?" इंदूनं पोरीला नाव विचारलं. पोरीनं हुंदक्यात "बनी" म्हटलं. गड्यानं पिवळा फडका बघितला आणि मुकाट पोर तिच्या कडेवर दिली.

देवळाच्या दारासमोर गोरक्षनाथ गुरव काठी आडवी धरून उभा होता. त्याच्यामागं रंगनाथ पाटील. लोक थबकले.

"पुढं न्हाई जायचं. ही फेरी स्मशानात घालत्यात, पोरी."

"ठाऊक आहे," इंदू म्हणाली. "जिचं पोर हरवलंय ती बाई आत्ता तिथंच आहे."

"तुज्या आईला द्येवानं का न्हेलं, कळलं न्हाई अजून?"

इंदूचा आवाज चढला नाही. "गुरवकाका, आई तापानं गेली. ज्या घरांत ताप शिरला तिथली उजवं घालणारी माणसंसुद्धा गेली, त्यांची नावं सांगू? तुमच्याही घरातलं एक आहे."

गुरवाची काठी हलली नाही, पण त्याची नजर हलली. बनी भोकाड पसरून रडत होती.

"पोर रडतंय, पाटील," गर्दीतून आक्काबाईचा आवाज आला. ती उजवं घालणाऱ्यांच्या रांगेतच होती, तिथून हलली नव्हती. "काठी घ्या की मागं! का द्येवाला पोराचं रडनं गोड लागतंय?"

कुणीतरी हसलं. पाटलांनी गुरवाच्या काठीला हात घातला, तेवढ्यात समोरच्या तोंडांतून मनकर्णा धावत आली. बनी तिच्याकडं झेपावली. मनकर्णा पोरीला घेऊन तिथंच धुळीत बसली आणि गर्दी त्या दोघींना वळसा घालून जाऊ लागली.

"घावली ना पोर?" पाटील हळू आवाजात म्हणाले. "झालं तर मग. आता उजवीकडनं घरी जा, ताई. आमचाबी मान ऱ्हाईल."

"आणखी कुणाचं हरवलेलं नाही, हे कुणाला ठाऊक आहे? तुम्हाला?"

गुरव पुटपुटला, "द्येव तुलाबी न्हेईल."

"नेऊ दे. दिवस मावळेपर्यंत थांब म्हणावं."

दाराच्या पलीकडून एक कापरा आवाज येत होता, "आसाराम! अरं आसाराम!" इंदूनं फडक्याची गाठ आवळली, गुरवाच्या काठीखालून वाकून ती पलीकडं गेली आणि देवाला डावं घालत चालू लागली.