हात की चिठ्ठी

आमच्या हायस्कुलात अमेरिकेचा इतिहास आणि राज्यकारभार शिकवणारी मी एकटीच. शनिवारच्या गावसभेत माझी जागा काढून टाकायचा ठराव होता. मुलांनी यापुढे तो विषय कॉम्प्युटरवर शिकायचा, म्हणजे गावाचा खर्च वाचेल. ठराव आणणारा डेक्स्टर ब्रीन, लाकडाच्या वखारीचा मालक. अर्धं गाव त्याच्याकडे कामाला. त्यालाही मीच शिकवलंय, आणि तेव्हाही त्याचं लक्ष खिडकीबाहेर असायचं.

त्या आठवड्यात मी रागातच शिकवत होते. सोमवारी राज्यघटना काढली, तर मागच्या बाकावरून विचारणा झाली, हे परीक्षेला येणार का. अंगाचा नुसता तिळपापड झाला. बुधवारी मतदानाचा इतिहास. पूर्वी मत सगळ्यांदेखत द्यायचे, मालक शेजारी उभा राहून बघायचा, आणि भलतीकडे मत दिलं की माणसाची नोकरी जायची. म्हणून गुप्त मतदान आलं, असं मी सांगत होते. तेवढ्यात थिआ लारिव्हिएरनं मान वर केली. पोरगी नुकतीच अठराची झालेली, मतदारयादीत नाव लागलेलं. बाप ब्रीनच्या वखारीत करवतीवर.

"पण बाई, आपल्या सभेत तर अजून हातच वर करतात."

"इथल्या लोकांना त्याचाच अभिमान आहे," मी म्हणाले. "जे काय ते तोंडावर. पण सात मतदारांनी उभं राहून मागितल्या तर चिठ्ठ्या वाटाव्याच लागतात. तसा आपल्या व्हर्मॉंट राज्याचा कायदाच आहे."

"मग कुणी मागत का नाही?"

"उभं राहिलं की ब्रीनला दिसतं कोण ते," मी म्हणाले. गुरुवारी आणि शुक्रवारी थिआ मधल्या सुट्टीत गायब असायची. चिठ्ठ्या मागायला सोबत सहा जण शोधत होती, हे मला नंतर कळलं.

शनिवारी सभा शाळेच्याच व्यायामशाळेत भरली. मागच्या टेबलांवर बीन्सची भांडी आणि घरोघरी भाजलेले फळांचे 'पाय' मांडलेले. मी राहते शेजारच्या गावात, म्हणून मला बोलायला सभेची परवानगी लागते. सगळे हात वर गेले. मी बोलले, माना डोलल्या. परत येऊन बसले तेव्हा हेझल हॅस्केलनं माझा हात दाबला. तिची तिन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत. "तुमच्याविरुद्ध हात वर करायची कुणाची छाती आहे, बाई," ती म्हणाली.

अध्यक्ष हात मोजायला उठले आणि थिआ उभी राहिली. तिच्यासोबत आणखी सहा जण. बाप त्यांच्यात नव्हता, तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. ब्रीन मान वळवून एकेकाला न्याहाळू लागला. "आम्हाला चिठ्ठ्या हव्यात," थिआ म्हणाली, आणि ती खाली बसली नाही. माझा ऊर भरून आला. आता वखारीची भीती संपली, आता माणसं मोकळेपणानं मत देतील, असं वाटलं मला.

दिलं की. चिठ्ठ्या मोजल्या आणि ठराव पास झाला. थोडक्यात नाही, दणक्यात.

म्हणजे यांना ब्रीनची भीती नव्हतीच. भीड वाटत होती ती माझी. हात वर करायचे असते तर या भिडेपायी माझी जागा वाचली असती. तळपायाची आग मस्तकात गेली. यांच्या पोरांच्या चुका सुधारता सुधारता माझे केस पांढरे झाले, आणि यांनी घडी घातलेल्या कागदाआडून माझा काटा काढला.

जेवणाच्या रांगेत थिआ माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले. "माझ्यामुळे गेलं, बाई. मी गप्प बसायला हवं होतं."

तेवढ्यात हेझलनं सफरचंदाच्या पायची बशी माझ्यापुढे धरली. चेहरा अगदी सुतकी. मी बशी घेतली नाही.

"हेझल," मी म्हणाले, "तू कुठल्या बाजूनं मत दिलंस? नुसता हात वर करून सांग."

तिनं दोन्ही हातांनी बशी घट्ट धरली. रांगेतलं कुणी माझ्याकडे बघेना.

मग मी थिआकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "तुझं काही चुकलं नाही. विचारायचं होतं ते तू विचारलंस, आणि यांनी खरं उत्तर दिलं. जूनमध्ये शाळेचं वर्ष संपेपर्यंत पगार घेतेय मी. सोमवारी वेळेवर ये, हाच निकाल शिकवणार आहे."