ओट्यावर वाचलेला मेल

बोरीच्या विहारात एक रिवाज आहे. समाजाच्या पैशाबद्दल कुठलाही कागद आला, की ज्याच्या हाती पडला त्यानं एकट्यानं त्यावर काही करायचं नाही. आधी विहाराच्या ओट्यावर बसून चार माणसांत मोठ्यानं वाचायचा. निम्मी वस्ती अंगठेबहाद्दर होती तेव्हापासूनची ही रीत.

धम्मशीलाला ती मुळीच पटत नव्हती. शाळेत शिकवणारी बाई ती. आधीच्या गड्यांनी वर्गणीची चहापानात माती केली तेव्हा त्यांना कुणी ओट्यावर बसवलं नाही, आणि बाईच्या हाती कारभार आला की बरा रिवाज आठवतो, असं ती बैठकीत तोंडावर बोलली होती. खोटं काय होतं त्यात?

तरी पोरींच्या अभ्यासिकेचं खातं तिच्याच मोबाइलवर होतं. पोटासाठी पुण्याला गेलेल्या बोरीकरांनी ऑनलाइन पाठवलेला पैसा त्यातच होता. टेबलं सुताराला सांगून झाली होती.

रविवारी दुपारी मेल आला. पेमेंट कंपनीचं चिन्ह, खाली लाल अक्षरं. खात्यात संशयास्पद व्यवहार दिसलाय, संध्याकाळपर्यंत पडताळणी केली नाही तर खातं बंद, पैसे गोठणार. पैसा गेला तर गाव काय म्हणेल ते धम्मशीलाला पाठ होतं. तिनं घाईघाईनं मेलमधलं निळं बटण दाबलं. उघडलेल्या पानावर पासवर्ड भरला, पिन भरला. 'पुढे जा'वर अंगठा नेला, अन् तो ओटा आठवला. उद्या काही झालं तर म्हणतील, ओट्यावर वाचला का न्हाई?

तणतणतच ती विहाराकडं निघाली. ओट्यावर अध्यक्ष भगवानराव पेपर चाळत होते, शेजारी सुलाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"मामा, ऐका. मागून बोलायला जागा नको," म्हणत ती उभ्यानंच वाचायला लागली. प्रिय ग्राहक, तात्काळ, अन्यथा, कारवाई. शेवटची ओळ आली: सुरक्षेसाठी ही माहिती कुणालाही सांगू नका.

"मग आमाला कशाला सांगायलीस?" सुलाबाई म्हणाल्या.

भगवानराव खो खो हसले. धम्मशीला हसली नाही. वर्गात एखादं पोरगं "बाई, घरी सांगू नका" म्हणालं, की तिला पुढचं सगळं कळायचं. तिनं पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं. नाव कंपनीचं, आतला पत्ता मात्र अक्षरं-आकड्यांचा नुसता कचरा. बँकेत सांगितलेलंही आत्ता आठवलं, की मेलमधून पिन कुणीच मागत नाही. तिनं ते पान तसंच बंद केलं आणि कंपनीचं अॅप स्वतः उघडलं.

सगळा पैसा जागच्या जागी. सूचना नाही, काही नाही. तिनं तिथंच पासवर्ड बदलला, पिन बदलला, सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन लावून तक्रार दिली. मग ओट्यावर बसली. त्या हरामखोरांना तिनं अशी एक शिवी हासडली, की भगवानरावांनी पेपर तोंडावर धरला.

"मग? रिवाज मोडायचा ठराव कवा मांडतीस?" त्यांनी पेपराआडून विचारलं.

"राहू द्या रिवाज. पण आता गड्यांनाबी लागू. जयंतीच्या मंडपाचं बिल घेऊन या, मामा. इथंच वाचा."

पेपराची घडी घालून भगवानराव बिल आणायला उठले. सुलाबाईंनी हसत हसत ओंजळभर शेंगदाणे तिच्या पदरात टाकले.