खिडकीकडचं वळण

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी किशोरचं इंजिन पुन्हा एकदा रुळावरून उतरलं, आणि खाली पोर्चमध्ये ब्लाउज कापत बसलेल्या दामिनीनं वर न बघताच कात्री थांबवली. आवाज आता घरचाच झाला होता. आधी घरघर, मग खट्, मग तीस किलो लोखंड कलंडल्यावर सगळा स्लॅब दचकायचा, आणि मग चिडीचूप. त्या चिडीचूपमध्ये नवरा डोक्याला हात लावून बसलेला असणार, हे तिला इथूनच दिसायचं.

"आलं वाटते स्टेशन," आचल म्हणाली. शिवण शिकायला येणाऱ्या सहा पोरींत तिचीच जीभ सगळ्यांत धारदार.

"तू आपली बाही पाह्य," दामिनी म्हणाली.

बाही खरंच पाहण्यासारखी होती. काखेत अशा चुण्या पडल्या होत्या, की ब्लाउज घालणारीनं आयुष्यभर हात वर करू नये.

"काखेचा मुंढा कशानं आखला?"

"डब्याच्या झाकनानं. मस्त गोल आला नं, काकू."

"म्हनूनच. मुंढा झाकनासारखा गोल नसते वो माय. खांद्याकडून सरळ येते, मंग हळूहळू वळते, काखेपाशी कचकून वळते, अन् पुन्हा हळूच सुटते. कपड्याले एकदम वळ म्हटलं का थो रुसते. उसव."

आचल उसवायला बसली. दामिनीनं चहा टाकला आणि तीन कप घेऊन जिना चढली.

वरचा हॉल दीड वर्षापूर्वी बांधला तेव्हा त्यावर दोघांचाही हक्क निघाला. दामिनीला तिथं शिवणक्लास हवा होता. खाली पोर्चमध्ये पाऊस तिरपा आला की सहा मशिनी भिंतीला ओढाव्या लागत, आणि चार वाजले की सुईचं नाक दिसेनासं होई. वरच्या हॉलला पश्चिमेकडे ही मोठी खिडकी. तिथं मशीन ठेवली तर सूर्य बुडेपर्यंत काळ्या कापडावर काळा दोरा दिसला असता. किशोरचं मोटार वायंडिंगचं दुकान. दिवसभर शेतकऱ्यांचे जळके पंप उघडायचे आणि घरी येऊन इंजिन बनवायचं. त्याला हॉल त्या इंजिनाच्या रुळांसाठी हवा होता. त्याचे वडील शालिकराम अकोला-खंडवा छोट्या लाइनीवर ड्रायव्हर होते. त्यांच्याच काळ्या इंजिनाची ही प्रतिकृती, कोळशाच्या डब्यासकट साडेपाच फूट लांब. आत जीपच्या वायपरची मोटार आणि बॅटरी.

शेवटी ठरलं ते असं : पोळा फुटेपर्यंत इंजिनानं हॉलला एक पुरता वेढा घातला तर हॉल त्याचा. नाही घातला तर रूळ उचलायचे आणि मशिनी वर.

ती आत आली तेव्हा किशोर फरशीवर मांडी घालून बसला होता आणि इंजिन त्याच्या शेजारी कुशीवर पडलं होतं. खुर्चीत सासरे.

"तिथंच?" तिनं विचारलं.

"तिथंच. मधल्या चाकायच्या कडा घासून टाकल्या, म्हटलं एवढं लांब धूड, मधली चाकं अडून राहिली असतील. सरळ रुळावर पाह्य, लोन्यावानी जाते. वळनाच्या तोंडाशी आलं का खट्." त्यानं चहा घेतला. "खोली लहान पडते, दुसरं काही नाही. इंजिन मोठं, खोली लहान."

"मी म्हनलंच होतं, गाडीचा डबा बनव म्हून," शालिकराम म्हणाले. "डब्याले काही लागत नाही."

दामिनी चहाचा कप तसाच धरून फरशीकडे बघत राहिली. कोपऱ्यात खिळा ठोकलेला होता. खिळ्याला सुतळी, सुतळीला खडू. त्या खडूनं काढलेला गोल, अगदी निर्दोष गोल, आणि त्यावर बसवलेले रूळ. सरळ रूळ संपला की लगेच गोल सुरू.

डब्याचं झाकण.

इंजिन का पडतं, ते तिला कळलं. पोळा उद्या होता. एक दिवस तोंड शिवून ठेवायचं, बस. शिवणं तर तिचा धंदाच.

"मामाजी," तिनं सासऱ्यांना विचारलं, "खऱ्या लाइनीवर कसं हो जात होतं एवढं मोठं?"

"धूळघाटाले तर लाइन सापावानी सोताच्याच अंगावरून जाये," म्हातारा म्हणाला. "वरून पाह्यलं का खाली आपलीच लाइन, आत्ता जिच्यावरून आलो थे. पन वळन कधी सुरू झालं, हे समजतच नव्हतं. चाळीस वर्षं गेलो, मले समजलं नाही."

समजतच नव्हतं. दामिनीनं कप उचलले आणि ती दाराकडे निघाली.

"थांब जराशी," किशोर म्हणाला. त्यानं खिडकीपाशी बोट दाखवलं. फरशीवर पेन्सिलीनं एक चौकोन होता. "तुह्या मशीनचं माप घेतलं मी सकाळी. इथं बसते बरोबर. उजेड डाव्या हातून येईन. उद्या कशाले थांबायचं, संध्याकाळी रूळ उचलतो."

चौकोनाच्या शेजारी आणखी एक लहान चौकोन होता.

"अन् हे काय?"

"तुहा स्टूल."

दामिनीनं कप खाली ठेवले. असा माणूस हरल्यावर भांडला असता तर बरं झालं असतं. मग तिला गप्प राहता आलं असतं.

"तो खिळा काढा," ती म्हणाली. "कपडा काय अन् लोखंड काय. एकदम वळ म्हनता तुमी त्याले, म्हून थो रुसते."

ती खाली गेली आणि शिवणाचा निळा खडू घेऊन आली. साडीचा पदर खोचला, गुडघे टेकले. सरळ रुळावर, जिथं किशोरचा गोल सुरू होत होता त्याच्या तीन फूट आधीपासून तिनं रेघ धरली. आधी इतकी कमी वळवली की वळल्यासारखी दिसेचना. मग जराशी. मग कोपऱ्यात कचकून, आणि पुन्हा सैल. हजारभर मुंढे कापलेला हात होता. माप घ्यायला तो थांबला नाही. पण हळू वळायचं म्हणजे जागा जास्त लागते. रेघ बाहेर सरकली, खिडकीकडे गेली, आणि पेन्सिलीच्या दोन्ही चौकोनांतून आरपार निघाली.

"दामिनी, तिथं तं तुही मशीन..."

"आखून राह्यली नं मी. मधात बोलू नका."

उरलेल्या तीन कोपऱ्यांतही तिनं तशीच रेघ आखली, आणि त्या संध्याकाळी आणि पोळ्याच्या सकाळी किशोरनं रुळांच्या लोखंडी पट्ट्या त्या निळ्या रेघेवर वाकवल्या. पुरणपोळी त्यानं उभ्यानंच खाल्ली.

पाचच्या सुमारास लांबून डफड्याचा आवाज येऊ लागला. बैल तोरणाखाली जमले असणार. किशोरनं बटण दाबलं आणि हात मागे घेतला. दामिनी खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती, कारण दुसरीकडे बसायला जागाच उरली नव्हती.

इंजिन सरळ रुळावरून आलं. वळणाच्या तोंडाशी पुढची छोटी चाकं आधी वळली, विचारल्यासारखी. मग मोठी. मधली कडा नसलेली चाकं रुळाच्या माथ्यावर आडवी सरकली, पुढच्यामागच्यांना वाट करून देत. वरचा काळा लांब देह मात्र वाकला नाही, त्याला वाकताच येत नव्हतं. त्याचं नाक रुळाच्या बाहेर हवेत निघालं, पोट आत आलं, आणि तरी तो सगळा सरळ लोखंडी भार वळत होता. दामिनी रुळाकडे बघत होती. हजारदा तिनं ही रेघ काढली होती आणि दर वेळी ती काखेत झाकून गेली होती. कुणी ती कधी पाहिली नव्हती, तिनंसुद्धा. आज तीस किलो लोखंड त्या रेघेवरून चाललं होतं, आणि रेघ त्याला नेत होती.

एक वेढा झाला. इंजिन थांबलं नाही.

शालिकराम खुर्चीतून उठून उभे राहिले होते. "समजलं नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "पाह्य, सुरू कधी झालं समजलं नाही."

बाहेर एकदम गलका उठला. पोळा फुटला. सणानिमित्त पाया पडायला आलेली आचल दारात उभी होती, आणि तिची नजर इंजिनामागोमाग कोपऱ्याकोपऱ्यातून फिरत होती.

"मंग," किशोर हळूच म्हणाला, "हॉल माहा झाला म्हनायचा का?"

"झाला," दामिनी म्हणाली. "सरका तिकडं, येऊन राह्यलं थे."

आणि जिथं तिचा स्टूल येणार होता त्या जागेवरून इंजिन पुन्हा गेलं, तेव्हा तिनं साडी सावरून दोन्ही पाय वर घेतले. उन्हात त्याची काळी पाठ क्षणभर तांब्याची झाली, कट्टा खालून थरथरला, आणि तिनं पाय तसेच वर ठेवले, कारण ते परत येणार होतं.