वावर का दिलं नाही

आमच्या शिवारात आता काचा पिकतात. दोंडाईचाच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना सोलरच्या निळ्या काचा, तारेचं कुंपण आणि मधे माझं एकटीचं वावर. बाकी सगळ्यांनी जमिनी भाड्याने देऊन टाकल्या. कोणी नाशिकला गेलं, कोणी सुरतेला. मी कुंदाबाई. वावर दिलं नाही म्हणून गावात येडी ठरलेली.

माझ्या बांधाला बांध मंजुळाचा. आम्हा दोघींची सावड होती: एक दिवस तिच्या वावरात निंदणी, एक दिवस माझ्या. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही. हात तणात आणि तोंड गावभर. मंजुळा मुलाकडे सुरतेला गेली तेव्हा मला जेवढं ओकंबोकं वाटलं, तेवढं नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. नवरा तसाही कमीच बोलायचा.

तिचा कधीमधी फोन येतो. "दी टाक ना वं माय. कोनासाठे राबी राहिनी?" खरं सांगते, माझाही अर्धा विचार झाला होता. कंपनीसाठी जमिनी जमवणारा आमच्याच गावचा चंदन रोज ओट्यावर येऊन बसायचा.

तेवढ्यात ऋतिका आली. असोद्याची पोर, पुण्याच्या कुठल्याशा संस्थेसाठी गावोगाव फिरत होती. जिथे जमीन सोलरला चालली आहे तिथे अजून कोण शेती करतं, कशी करतं आणि का करतं, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. पेरणीला, निंदणीला आणि काढणीला अशा तिच्या तीन फेऱ्या व्हायच्या होत्या.

"मधे जमीन दिलीत तर कळवा, अक्का," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "मग तुमचं नाव अभ्यासातून निघतं."

त्या दिवशी बांधावर बसून ऊन कलेपर्यंत ती मला विचारत होती. बियाणं कुठलं, तण कोण काढतं, घरातले निर्णय कोण घेतं. निर्णय कोण घेतं असं अख्ख्या जन्मात मला कोणी विचारलं नव्हतं. उत्तर दिलं की मान वर करून म्हणायची, "म्हणजे कसं, अक्का?" की माझी गाडी पुन्हा सुरू. चंदनला मी दुसऱ्याच दिवशी दिवाळीनंतर बघू म्हणून कटवलं.

बाजरीत आणखी काय पेरता, असं तिने विचारलं होतं. मूग आणि तूर म्हटल्यावर तिचा चेहरा असा खुलला की ती गेल्यावर मी अंबाडी, चवळी, तीळ, घरात सापडेल ते टोकून टाकलं. दुसऱ्या फेरीला तिने सगळ्याचे फोटो काढले. वावराचं नुसतं रुखवत झालं होतं.

निंदायला मात्र मी एकटी. कंबर तर गेलीच, पण दिवसभर न बोलता तण उपटलं की जीभही जड होते, हे मला ठाऊक नव्हतं. कधीकधी मंजुळाच्या बांधाकडे तोंड करून काहीतरी बोलून जायचे. पलीकडे काचा. मग माझी मलाच लाज वाटायची.

काढणीला ऋतिका येणार म्हणून मी कळण्याची भाकरी आणि ठेचा करून ठेवला. आली ती घाईत. उभ्याउभ्याच तिने मोबाईल पुढे धरला.

"ही शेवटची फेरी, अक्का. एकच प्रश्न राहिलाय. सगळ्यांनी जमीन दिली, तुम्ही का नाही दिली?"

"शेवटनी? मंग परत नही येशी?"

"काम संपलं ना आता."

मी विळा बांधावर ठेवला. मग जे होतं ते सांगून टाकलं. "तू येशी म्हनीसन नही दिधं."

ती खळखळून हसली. "काय अक्का तुम्ही पण! रेकॉर्डिंग चालू आहे, खरं कारण सांगा ना."

मला राग आला, रडूही आलं. पण पोर लांबून आली होती, तिला बस गाठायची होती. मग मी टीव्हीवर बोलतात तसं बोलले. ही काळी माती म्हणजे आमची माय, तिला काचेखाली कशी ठेवू? ती जपली तर पुढच्या पिढ्या जगतील. कोणाच्या पिढ्या, ते मलाही माहीत नव्हतं. ऋतिकाचे मात्र डोळे भरून आले.

"हेच हवं होतं, अक्का. हे वाक्य आम्ही जसंच्या तसं घेणार." ती पाया पडली, भाकरी फडक्यात बांधून घेतली आणि गेली.

मी घरी येऊन चहाचं आधण ठेवलं आणि फोन लावला. "चंदन, कागद लई ये."

"आते येस, काकू."

तो येईपर्यंत मी कारणं जुळवून ठेवली. कंबर चालत नाही, मजूर मिळत नाही. खरं कारणही तयार ठेवलं होतं, त्याने नीट विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं. चंदनने चहासुद्धा घेतला नाही. कागद पाटावर पसरले आणि म्हणाला, "सही करशी का अंगठा?"