चिमटीची गोळी

चिमटी कुत्रीने सोफ्याच्या पायाशी पुन्हा मुतलं आणि मिस्त्री फडकं आणायला उठला, तेव्हा त्याच्या धाकट्या पोराच्या हातातला चहाचा कप भिंतीवर जाऊन फुटला.

"अरे, तिच्या पायात काच जाईल," मिस्त्री म्हणाला. एवढंच म्हणाला. प्लास्टरमधला उजवा हात पोटाशी धरून तो गुडघ्यांवर बसला, डाव्या हाताने आधी काचा वेचल्या आणि मग फरशी पुसायला लागला. चिमटी शेजारी उभी होती. पोट फुगून लोंबलेलं, पाठीवरचे केस झडून कातडी उघडी पडलेली, पाय काड्यांसारखे. "झालं हं बाळा, झालं," म्हातारा तिला सांगत होता. "तुझी काही चूक नाही."

या शेवटच्या वाक्याने धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो या घरात आदल्या दिवशीच आला होता, तेही ताईने फोनवर फारच गळ घातली म्हणून. बापाचं मनगट मोडलं होतं आणि कुत्रीच्या गोळ्या पाकिटातून एका हाताने निघत नव्हत्या. ताईचं सासर लांब, तिला येता येत नव्हतं. "चार दिवस जा रे," ती म्हणाली होती, "बाबांसाठी नको, आईच्या कुत्रीसाठी जा." आई गेली तेव्हा चिमटी चालती-फिरती होती. पुढे म्हातारपणी तिला कुशिंगचा आजार जडला. डोक्यात बारीकशी गाठ, मिस्त्रीने आल्या आल्या समजावलं होतं, ती अंगातल्या दोन ग्रंथींना सारखी पिटाळत राहते. मग त्या रक्तात नको तेवढं रसायन ओततात. म्हणून ही घटाघटा पाणी पिते, सारखी भुकेजलेली असते, मुतणं आवरत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर गोळी. जन्मभर. डॉक्टरबाईंनी परवाच गोळीची ताकद वाढवली होती.

हे सगळं ऐकताना धाकटा बापाच्या तोंडाकडे बघत राहिला होता. इतक्या मऊ आवाजात हा माणूस बोलू शकतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

त्याला ठाऊक होता तो गॅरेजातला मिस्त्री. खिळ्याला टांगलेला जुना फॅन बेल्ट. धाकटा शाळेत जायला लागल्यावरही अंथरूण ओलं करायचा, आणि ओलं अंथरूण दिसलं की तो काळा रबरी पट्टा खाली उतरायचा. मांड्यांवर, पोटऱ्यांवर, चुकवायला हात मध्ये घातला तर बोटांवर. मग ओली गादी डोक्यावर देऊन फाटकाबाहेर उभं करायचं, रस्त्यावरून पोरं शाळेत जायच्या वेळी. एकदा पट्ट्याचं टोक तोंडावर बसलं आणि नुकताच आलेला पुढचा पक्का दात अर्धा तुटला. तो दात अजून तसाच होता. आता धाकटा इमारती पाडण्याच्या कामावर होता आणि कामावरचे त्याला 'घण' म्हणत. दिवसभर भिंती फोडायच्या. हे काम त्याला मनापासून आवडायचं.

"तिची चूक नाही," तो म्हणाला. "आणि माझी होती?"

मिस्त्रीने फडकं पिळलं. 

"बाबा, मी विचारतोय."

"ती आजारी आहे रे."

"मी सहा वर्षांचा होतो."

"तुला सांगून कळत होतं," मिस्त्री म्हणाला. "तू ऐकत नव्हतास."

धाकट्याने म्हाताऱ्याला शर्टाच्या गळ्याला धरून उभं केलं. "ऐकत नव्हतो? झोपेत ऐकायचं होतं मी तुझं?" आयुष्यात पहिल्यांदा त्याने बापाला अरे-तुरे केलं, आणि जीभ सुटली तसा हातही सुटला. ठोसा भुवईवर बसला. मिस्त्री मागे गेला, ओल्या फरशीवर पाय सरकला आणि डोकं त्याच खोलीतल्या ओट्याच्या कडेवर आपटलं. आवाज फार मोठा नव्हता. कोरडा होता.

त्याच क्षणी चिमटीने त्याचा घोटा पकडला. तोंडात दात उरले होते मोजके, पण ते तिने पूर्ण ताकदीने रोवले. धाकट्याने पाय झटकला. झटकला म्हणण्यापेक्षा लाथच ती. कुत्री उडून खुर्चीच्या पायावर आदळली. त्या आजारात कातडी कागदासारखी पातळ होते हे त्याला माहीत नव्हतं. तिच्या कुशीवरची कातडी ओल्या पाकिटासारखी उघडली आणि आतलं लाल मांस दिसायला लागलं.

ती केकाटलीसुद्धा नाही. लंगडत म्हाताऱ्याजवळ गेली आणि त्याच्या काखेत तोंड खुपसून थरथरत राहिली.

शेजारीण दार वाजवत होती. धाकट्याने दार उघडलं.

दवाखान्यात मिस्त्रीच्या कपाळाला टाके घालताना डॉक्टरने विचारलं, "कसं लागलं, आजोबा?"

"पडलो," मिस्त्री म्हणाला. "फरशी ओली होती."

पडद्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या धाकट्याने ते ऐकलं. हेच शब्द. पट्ट्याचे वळ बघून वर्गशिक्षिकेने विचारलं होतं तेव्हा तोही असंच म्हणाला होता, पडलो. ती मान डोलावून पुढच्या बाकाकडे वळली होती.

डोक्याला मार होता म्हणून मिस्त्रीला ठेवून घेतलं. धाकटा चिमटीला टॉवेलमध्ये गुंडाळून प्राण्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेला.

"कुणी केलं हे?" जखम बघताच त्यांनी विचारलं.

"मी."

 डॉक्टरबाई म्हणाल्या, "हात धुवा आणि हिला धरा. नीट धरा. पुन्हा दुखवलंत तर मी पोलिसांना बोलावीन." टाके घालताना सुई टेकली तिथे कातडी फाटत होती. दोनदा उसवून पुन्हा घालावे लागले. धाकटा घामाने भिजला. काम झाल्यावर बाईंनी त्याला समोर उभं करून बजावलं, "गोळी नेहमी खाण्याबरोबर. खाल्लं नाही तर गोळी नाही. उलटी झाली, अंग कापायला लागलं, पाय लुळे पडले, तर गोळी बंद आणि मला फोन. ताकद वाढवलीय, त्यातून ही जखम. डोळ्यांत तेल घालून बघा."

"बघतो."

पण त्याने बघितलं नाही. तो धुमसत होता. बापावर, स्वतःवर, आणि सगळ्यात जास्त त्या कुत्रीवर, जी कोपऱ्यात बसून त्याच्यावर नजर ठेवून असायची आणि तो जवळ आला की डोळे मिटून घ्यायची. दुसऱ्या दिवशी कामावर कुणीतरी त्याच्या घोट्याचं बँडेज बघून म्हणालं, "काय रे घण, बायकोने चावलं काय?" तर त्याने त्या माणसाला उचलून वाळूच्या ढिगावर फेकलं. मुकादमाने त्याला घरी हाकलून दिलं.

घरी चिमटीची वाटी तशीच भरलेली होती. जी कुत्री कालपर्यंत कचऱ्याचा डबा चाटायची, ती वास घेऊन तोंड फिरवत होती. तेवढ्यात मिस्त्रीचा फोन आला. "गोळी दिलीस का रे तिला?" स्वतःच्या टाक्यांबद्दल नाही, ठोशाबद्दल नाही. गोळी.

"देतो!" धाकटा ओरडला आणि फोन फेकला. मग त्याने कुत्रीला गुडघ्यांत दाबलं, जबडा उघडला आणि गोळी घशात कोंबली. संध्याकाळी पुन्हा तसंच, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही. तिने खाल्लं नव्हतं. गोळी मात्र चुकली नव्हती.

त्या दिवशी दुपारी ती फेसाळ पिवळं ओकली. उठायला गेली तर मागचे पाय फाकले आणि ती पोटावर पडली. अंग थडथड उडत होतं. धाकट्याने तिच्या हिरड्यांना बोट लावलं तर गार लागल्या, पांढुरक्या दिसल्या. आणि ती त्याच्याकडे बघत होती. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत, बहुतेक तेवढीही ताकद उरली नव्हती.

त्याने तिला कामाच्या जाकिटात घेतलं आणि धावत सुटला. डॉक्टरबाईंच्या दवाखान्याच्या गल्लीत एका टेम्पोवाल्याने टेम्पो आडवा लावून सामान उतरवायला घेतलं होतं. भिंत आणि टेम्पो यांच्यामध्ये खोक्यांची रास. धाकट्याने खांद्याने रास ढकलली, खोकी कोसळली, आत काहीतरी खळकन फुटलं.

"डोळे फुटले काय रे तुझे?" टेम्पोवाल्याने त्याची कॉलर धरली आणि फाडकन मुस्काटात मारली. मग दुसरी. ओठ फुटला.

धाकटा त्याच्यापेक्षा दुप्पट होता. एरवी तो माणूस त्या खोक्यांखाली सापडला असता. पण दोन्ही हातांत चिमटी होती, आणि हात सोडले तर ती रस्त्यावर आपटणार होती. त्याने पाठ वळवली, जाकीट छातीशी घट्ट धरलं आणि मार खाल्ला. पाठीत बुक्के, मानेवर चापट, कमरेत एक लाथ. तोंडातून शब्द आले ते त्याचे त्यालाच ओळखू आले नाहीत. "मार, पण जाऊ दे. मरतेय ती. जाऊ दे, भाऊ."

टेम्पोवाल्याने जाकिटातलं तोंड बघितलं आणि त्याचा हात खाली आला. "जा," तो म्हणाला, आणि स्वतःच पायाने खोकी बाजूला केली.

डॉक्टरबाईंनी एका नजरेत ओळखलं. सलाईन लावलं, रक्त घेतलं, शिरेतून इंजेक्शन दिलं. "इतके दिवस हिच्या अंगात ते रसायन नको तितकं होतं," हात चालू ठेवत त्या म्हणाल्या, "आता जवळजवळ उरलंच नाही. गोळीने पार दाबून टाकलं. मारामारीत, भीतीत, आजारात शरीराला तेच तारतं. ते नसलं की जखम पेलत नाही, काहीच पेलत नाही. खात होती का ही?"

"नाही."

"मग गोळी कशी दिलीत?"

"कोंबली," धाकटा म्हणाला. ओठातलं रक्त हनुवटीवर आलं होतं. बाईंनी त्याच्याकडे कापूस भिरकावला आणि पुन्हा कुत्रीकडे वळल्या.

अंधार पडायच्या आत चिमटीने मान उचलली. तेव्हा तो बापाकडे गेला.

मिस्त्री खाटेवर बसला होता, भुवई सुजून एक डोळा मिटलेला. धाकट्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही. ऐकता ऐकता म्हाताऱ्याचा चेहरा बदलत गेला आणि मऊ आवाजाचा माणूस नाहीसा झाला. त्याने उशाशी असलेला पाण्याचा तांब्या फेकून मारला. तो धाकट्याच्या खांद्यावर बसला. मग डावा हात उगारून मिस्त्री खाटेवरून उतरला. "उपाशी जिवाला? हरामखोरा, उपाशी जिवाला?"

धाकट्याने तो हात हवेतच धरला. मुरगळला नाही. नुसता धरून ठेवला. हाडं आणि सैल कातडी, एवढंच होतं त्या हातात.

"बाबा, आता नाही," तो म्हणाला. "तुम्हीही नाही आणि मीही नाही."

म्हातारा ओढत राहिला. मग दमला. खाटेच्या कडेवर बसला.

"राग आवरत नव्हता असं मी तुझ्या आईला सांगायचो," तो म्हणाला. "खोटं होतं ते. गॅरेजात गिऱ्हाइकं आईबहिणीवरून शिव्या घालायची, तेव्हा मी हात जोडून उभा राहायचो. तिथे आवरायचा. घरी आवरायचाच नव्हता मला. घरी कोण विचारणार होतं?"

धाकट्याला वाटलं होतं, असं काही ऐकलं की आत काहीतरी मोकळं होईल. तसं काही झालं नाही. उलट आणखी एक ठोसा मारावा असं वाटलं, आणि तो हात खिशात घालून उभा राहिला.

"हे ताईला सांगाल?"

"सांगीन."

"मीही सांगीन. तुम्ही पडला नव्हता ते."

ताई आधी रडली, मग दोघांनाही फोनवर यथेच्छ झोडपलं, मग बरेच दिवस कुणाशीच बोलली नाही.

चिमटी धाकट्याच्या खोलीवर राहायला आली. गोळी बंद होती. जखम रडतखडत भरली. काही आठवड्यांनी तिने पुन्हा बादलीत तोंड घालून पाणी ढोसायला सुरुवात केली आणि एके दिवशी त्याचा डबाच फस्त केला, तेव्हा डॉक्टरबाईंनी अगदी कमी ताकदीची गोळी सुरू केली. धाकटा आता तिच्या वाटीत खाणं वाढून समोर मांडी घालून बसायचा. पहिले घास तिच्या पोटात गेलेले बघायचा, मगच पुढच्या घासात गोळी दडवायचा.

तपासणीच्या दिवशी मिस्त्री बसने एकटाच आला. प्लास्टर निघालं होतं, भुवईवर व्रण राहिला होता. गोळीनंतर काही तासांनी रक्त घ्यायचं असतं, म्हणून दोघं एका बाकाच्या दोन टोकांना बसून राहिले.  बाईंनी निकाल सांगितला, प्रमाण बरोबर बसलंय, हीच गोळी चालू ठेवा.

बाहेर आल्यावर मिस्त्री घसा खाकरून म्हणाला, "हात बरा झाला माझा. हिला घरी नेऊ का?"

"नाही. माझ्याकडेच राहील."

"बरं."

"रविवारी या दुपारी," धाकटा म्हणाला. "बसा तिच्यापाशी. पण तिच्यासमोर आवाज चढला, तर पुन्हा दार उघडणार नाही."

मिस्त्रीने मान हलवली. दोन पावलं गेला आणि वळला. "आणि तुझा चढला तर?"

धाकट्याने यावर खरंच विचार केला.

"तर तुम्ही हिला घेऊन जा," तो म्हणाला. "मला विचारू नका, फक्त घेऊन जा."

बस आली. धाकट्याच्या काखेतल्या चिमटीचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. रस्त्यापलीकडून चाललेल्या एका धिप्पाड कुत्र्यावर ती जीव तोडून भुंकत होती.