मधली शांतता

काळोख्या दालनात पाऊल टाकताच "अगं ए" अशी आईची हाक आली आणि थोरली सवयीने "आले गं" म्हणून मोकळी झाली. पुढची दोघं-तिघं वळून बघायला लागली. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. आवाज भिंतीवरच्या काळ्या पेट्यांतून येत होता. पण जिभेला लागलेलं वळण, ते काय असं सुटतं?

संग्रहालयाने नव्याने विकत घेतलेल्या कलाकृतींचं प्रदर्शन होतं आणि हे दालन धाकट्या बहिणीचं होतं. मधोमध एक रिकामी खुर्ची, आणि आईने धाकटीला फोनवर पाठवलेले निरोप. आईच्या आजारपणात धाकटी लांबच्या शहरात होती. तिथून गोळ्यांच्या वेळा सांगायची, आईला जरा उन्हात बसव म्हणायची. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

थोरली आली होती ती एका वाक्यासाठी. आजारपणात आईची स्मरणशक्ती पार गेली होती. थोरलीला ती कामाला ठेवलेली बाई समजायची, "ओ बाई, पाणी द्या" म्हणायची. आपण होऊन तर काही बोलायचीच नाही. थोरली स्वतःचा फोन तिच्या तोंडाशी धरायची, एकेक वाक्य पुढे करायची, आणि आई ते म्हणायची. पण एका संध्याकाळी निरोप चालू असतानाच आईने थोरलीच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "दमलीस गं तू. झोप आता." सगळ्या वर्षांत तेवढंच. पुढे तो फोन पाण्याच्या बादलीत पडला. वाक्य उरलं ते धाकटीकडे.

"जेवलीस का?" पेटीतून आईने विचारलं. मग बराच वेळ काही नाही. "थंडी आहे का तिकडं?" पुन्हा काही नाही. "सांभाळून राहा."

मध्ये वाक्यं पुढे करणारा थोरलीचा आवाज कुठेच नव्हता.

"या शांततेतच सगळं आलं बघा," चष्म्यातली एक पाहुणी धाकटीला म्हणत होती. "किती दाटून आलंय त्या माउलीला! शब्दच फुटत नाहीत."

आणि मग ते वाक्य आलं. दमलीस गं तू. झोप आता. पाहुणीने चष्मा काढून डोळे पुसले. "भाग्याची आहेस. शेवटपर्यंत तुझीच काळजी."

"हो," धाकटी मान खाली घालून म्हणाली. आयत्या पिठावर रेघोट्या, आणि वर हा मानभावीपणा.

थोरलीने तिला दंडाला धरून बाजूला नेलं.

"माझा आवाज कुठं गेला?"

"ताई, हळू बोल. रेकॉर्डिंग साफ करून घ्यावं लागतं. मध्ये मध्ये गोंगाट होता."

"गोंगाट? मी होते ती! आणि ते शेवटचं कुणाला म्हणाली आई, ठाऊक आहे ना तुला?"

धाकटी हातातल्या गुच्छाचा कागद सारखा करत राहिली. "पाठवलं तर तू मलाच होतंस."

थोरलीला तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. हात उचलला गेला नाही. तिला भांडायचं नव्हतं, ते वाक्य हवं होतं.

"मला मूळचं दे. तेवढंच दे, बाकी राहू दे."

"ते संग्रहालयाने घेतलं, ताई. मूळ, नक्कल, सगळं. माझ्याकडेही नाही आता." मग जरा मवाळ होऊन, "ऐकावंसं वाटलं तर इथं येत जा ना. फक्त सोमवारी बंद असतं."

कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि ती गेली.

थोरली परत आत जाऊन पेटीखाली उभी राहिली. निरोप पहिल्यापासून सुरू झाले.

"जेवलीस का?"

"विचार, थंडी आहे का तिकडं," थोरली म्हणाली.

"थंडी आहे का तिकडं?"

"शहाणी माझी. आता सांग, सांभाळून राहा."

"सांभाळून राहा."

लोक कुजबुजायला लागले. पहारेकरी लगबगीने आला, पण बोलला नरमाईने.

"ओ बाई, मध्ये बोलू नका. आईचं ऐकू द्या लोकांना."

"बरं," थोरली म्हणाली.

पुढच्या वाक्याला तसंही काही सांगावं लागलं नव्हतं. ते ऐकायला ती हाताची घडी घालून उभी राहिली, बाकीच्या लोकांसारखी.